आई घर दाखवतात

परवा मांजरी गावाच्या रस्त्यावर आमची बस एका छोट्या हत्तीच्या मागे अडकली. छोटा हत्ती म्हणजे तो चिमुकला टेम्पो, ज्यात पुण्यातली भाडेकरू जनता आपला संसार कोंबून इकडून तिकडे हलत असते. मागे दोरीने आवळलेला फ्रीज, गुंडाळलेल्या गाद्या, एक कूलर, आणि गाद्यांच्या फटीत खोचलेला झाडू. पुढे ड्रायव्हरच्या शेजारी एक बाई तुळशीची कुंडी मांडीवर घेऊन बसली होती. तिचा चेहरा काही मला दिसला नाही. पण तो कसा असणार ते मला न बघता सांगता येतं, कारण मागच्या वर्षी तसल्याच टेम्पोत तशीच कुंडी मांडीवर घेऊन मी बसले होते.

बाजारात कैऱ्या आल्या, रस्त्यावर माठ मांडले, रसवंतीची घुंगरं वाजायला लागली, की लोकांना सुट्टीची आठवण होते. मला कराराची होते. भाड्याने राहणाऱ्याचं वर्ष बारा महिन्यांचं नसतंच मुळी, अकराचं असतं. अकरा महिन्यांचा कागद, मग मालकाची मर्जी, मग परत अकरा. त्यामुळे आमचं वर्ष दरवेळी एकेक महिना अलीकडे सरकत येतं. मागच्या वर्षी मेअखेर संपलं, यंदा एप्रिलअखेर संपतंय. हे अकराच का हो, असं मी आमच्या पर्वतीपायथ्याच्या मालकांना, सबनीसकाकांना, एकदा विचारलं होतं. ते चष्मा पुसत म्हणाले, "बारा केले की भाडेकरूला घर स्वतःचं वाटायला लागतं." हसले नाहीत. पुण्यात असल्या गोष्टी हसून सांगायची पद्धत नाही.

तर मागचा उन्हाळा.

त्याच्या आधी आईंबद्दल सांगायला हवं. आई म्हणजे माझ्या सासूबाई. आम्ही मूळचे अकोल्याकडचे. यांना सदाशिव पेठेत औषधांच्या होलसेल दुकानात नोकरी लागली म्हणून आम्ही पुण्याला आलो आणि मामंजी गेल्यावर आईही आल्या. मी एका शाळेच्या ऑफिसात लागले आणि 'मी येते, मी जाते' म्हणायला शिकले. आईंनी मात्र आपलं 'मी येतो, मी जातो' सोडलं नाही. तिकडच्या बायका तसंच बोलतात. वाण्याच्या दुकानात कोणी हसलं तर त्या म्हणायच्या, "मले समजते ना मी काय बोलली ते. तुमाले नाही समजलं तं पुन्हा इचारा."

पर्वतीपायथ्याच्या त्या पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आम्ही आलो तेव्हा आईंना दिसत होतं. मग काचबिंदू झाला. डॉक्टरांनी थेंब दिले, ऑपरेशन झालं, पण नजर जायची ती गेलीच. एकदम गेली नाही, हळूहळू गेली, आणि तेवढ्या काळात ते घर आईंच्या हातात उतरलं. डोळ्यांनी एकेक वस्तू सोडली की हात ती उचलून घ्यायचे. मीठ कुठे, मोहरी कुठे, कुठल्या फरशीला कड आहे, मोरीचा उंबरा कधी येतो, सगळं. सकाळी जिना उतरून, भिंतीला हात लावत, इस्त्रीवाल्याच्या कोळशाचा वास आला की डावीकडे, गिरणीचा आवाज मोठा झाला की थांबायचं, आणि दूध घेऊन परत. एकट्या. संध्याकाळी आम्ही कामावरून यायच्या आधी त्या बाहेरच्या खोलीतला दिवा लावून ठेवायच्या. त्यांना त्याचा काय उपयोग? पण गल्लीच्या तोंडाशी आलं की आमची खिडकी उजळलेली दिसायची आणि माझ्या पायातला शीण निम्मा व्हायचा.

"आई या घरात आंधळी नाहीये," हे एकदा म्हणाले होते. "बाहेर कुठेही नेलं तर आहे."

म्हणून ते घर टिकायला हवं होतं. आम्हा दोघांचं काय, आम्ही कुठेही पाठ टेकली असती.

एप्रिलमध्ये सबनीसकाका वरच्या मजल्यावरून खाली आले. ते पायऱ्या उतरताना चपला वाजवायचे, म्हणजे आपण येतोय हे आधी कळावं. तेवढं सौजन्य त्यांच्यात होतं.

"वहिनी, मुलगा म्हणतोय, एकदा बाजारभाव बघून घेऊ."

"म्हणजे घर सोडायचं का आम्ही, काका?"

"मी तसं म्हणालो का? चार माणसं येतील, बघतील, जातील. बघायला काय हो, लोक पर्वतीसुद्धा बघायला येतात. म्हणून काय विकत घेतात?" मग आत डोकावून म्हणाले, "आजी घरी असतातच. दार उघडायला माणूस आहे, उत्तम झालं. आणि पहिला हक्क तुमचाच."

पहिला हक्क! या दोन शब्दांवर आम्ही पुढचे कितीतरी दिवस काढले. आमचा आपला साधा हिशोब असा, की इतकं जुनं घर, लिफ्ट नाही, पार्किंग नाही, कोण जास्त पैसे देणार? येतील, नाक मुरडतील, जातील, आणि आपण थोडी वाढ देऊन परत कागद करू.

आणि आता आमचा शहाणपणा ऐका. लोकांनी नाक मुरडावं अशी ज्यांची मनापासून इच्छा, त्या आम्ही काय करावं? माणसं यायची म्हटलं की मी पहाटे उठून फरशी पुसत होते. ओट्यावरची तेलकट बरणी आत, पलंगावर ठेवणीतली चादर, दारातल्या चपला एका ओळीत. घर बघायला येणारी माणसं झाली तरी माणसंच ना! ती परत जाऊन म्हणणार, काय बाई घाण करून ठेवलंय. छे! तेवढी अब्रू तर आहे की नाही आपल्याला? शिवाय उन्हातून आलेल्या माणसाला पाणी विचारायचं, आणि कैऱ्यांचे दिवस म्हणजे नुसतं पाणी कसं, पन्हंच दिलं पाहिजे. भाडेकरूच्या जातीलाच हे जमतं. आपल्याच घरातून आपल्याला उठवायला आलेल्या माणसाला वेलची घातलेलं पन्हं.

आणि आई! आईंचं तर विचारूच नका. त्यांच्याकडे दिवसभर कोण येत होतं? आता दार वाजायला लागलं, नवे आवाज यायला लागले. त्या काठापदराचं नेसून बसायच्या.

"या बापा, या. पायातलं तिथंच काढा, डाव्या हाताले. हं. हे बाहेरची खोली. ही खिडकी पर्वतीकडची आहे. चार वाजले का इथून हवा सुटते. हात धरा इथं, पाहा कशी लागते." आणि आलेला माणूस मुकाट्याने खिडकीशी हात धरून उभा राहायचा. "नळ दोन्ही टाईम येते. सकाळचं पाणी जोराचं असते, तेव्हाच भरून घ्या लागते. या कपाटाचं दार जरासं वर उचलून लावा, नाही तं रडते. हळू! इथं उंबरा आहे, सगळ्याईले ठेचते."

भिंतीवरून तळवा फिरवत त्या अशा चालायच्या, की बघणाऱ्याला अर्ध्या घरापर्यंत कळतच नसे. मग कळलं की तो गप्प व्हायचा आणि घराकडे वेगळ्या नजरेने बघायला लागायचा. एजंट लोक इंटरनेटवर फोटो टाकतात, व्हिडिओ टाकतात. आमच्या आईंच्या पासंगाला पुरला नसता त्यातला एकही.

एका रविवारी एक जोडपं आलं. तो लॅपटॉपची बॅग पाठीला लावूनच आला होता, आल्याआल्या भिंत मोजायला लागला, टेबल कुठे बसेल म्हणून. ती जराशी बुजरी होती. मृणाल नाव. आई बोलायला लागल्या आणि ही एकदम म्हणाली, "आजी, तुम्ही आमच्याकडच्या का वो?"

"कोणत्या गावची वं तू?"

"अमरावतीची."

झालं! आईंनी तिला हाताला धरून खाली बसवलं. कोणाची कोण, माहेर कुठलं, अंबामातेचं देऊळ, आलुबोंड्याची गाडी. इतक्या वर्षांत पुण्यात आईंना मी असं खळखळून बोलताना पाहिलं नव्हतं. त्या मुलीच्या डोळ्यांत पाणी. आईंनी तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "घे माय हे घर. लय गुणी घर आहे. मले कदी पाडलं नाही त्यानं."

मी आत पन्ह्याचे ग्लास भरत होते. तिथेच कपाळावर हात मारून घेतला. कर्म माझं! आता काय आईंचं तोंड धरायचं?

ती माणसं गेल्यावर मी चिडलेच. "आई, घे म्हणून काय सांगता? आपल्याला राहायचंय ना इथे?"

त्या गोंधळल्या. "नुसतं पाहाले येऊन राहिले म्हणे ना?" आणि मग खालच्या आवाजात, "आपलं घर आहे. त्याले नावं कशी ठेवू मी?"

मी ग्लास विसळले.

दोनच दिवसांनी चपलांचा आवाज न करता सबनीसकाका आले, तेव्हाच मी ओळखलं. त्या जोडप्याने आमच्या भाड्याच्या कितीतरी वर सांगितलं होतं. "तुम्ही तेवढं देत असाल तर आजच कागद करतो. पहिला हक्क म्हटलंय मी, शब्द फिरवणार नाही." यांनी माझ्याकडे पाहिलं, मी यांच्याकडे. तेवढ्यात सगळं गणित झालं. सबनीसकाका वाईट माणूस नव्हते, हे मी आजही म्हणेन. वाईट असते तर बरं झालं असतं, दोन शिव्या तरी देता आल्या असत्या. त्या मुलीचाही फोन आला नंतर. "काकू, आम्हाला सांगितलं होतं की तुम्ही स्वतःहून सोडताय. खरंच माहीत नव्हतं हो." ती रडत होती. तिचीच मी समजूत घातली. तिच्याही जुन्या घराचे अकरा महिने संपत आले होते.

मग सुरू झाली वणवण. पुण्याचं ऊन कोरडं असतं म्हणून सहन होतं म्हणे! ज्यांना सहन होतं ते पंख्याखाली बसून सांगतात. आम्ही शाळेतून, दुकानातून सुटलो की स्कूटरवरून गल्ल्या धुंडाळायला निघत होतो. तीच गल्ली, तोच परिसर हवा, निदान गिरणीचा आवाज ऐकू येईल इतक्या अंतरावर. सहकारनगर, दत्तवाडी, बिबवेवाडी. राजूभाऊ नावाचा एक एजंट गाठला. तो मोबाईलवर फोटो दाखवायचा ते घर आणि प्रत्यक्षातलं घर यांचं दूरचंही नातं नसायचं. एका फाटकावर पाटी होती: 'येथे जागा भाड्याने देणे नाही. विचारून खात्री करू नये.' मी तरीही बेल वाजवली. दार उघडणाऱ्या आजोबांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "वाचता येतं ना आपल्याला?" येतं म्हटलं. "मग प्रश्न मिटला." आणि दार लावलं. एरवी मी घरी येऊन हे रंगवून सांगितलं असतं, हसलो असतो सगळे. त्या दिवशी मी फाटकाबाहेर स्कूटरला टेकून रडले. यांनी नुसती पाण्याची बाटली पुढे केली.

भाडं परवडलं तर आडनाव विचारायचे. आडनाव चाललं तर मटण खाता का विचारायचे. तेही जमलं तर शेवटचा प्रश्न, घरात कोण कोण? आणि तिथे गाडी अडायची. "दिसत नाही? अजिबात? मग दिवसभर एकट्या? नाही, त्यांच्याबद्दल आदर आहे हो, पण गॅस चालू राहिला म्हणजे? पडल्या बिडल्या म्हणजे? आम्हाला जबाबदारी नको." मी सांगून सांगून थकले, की बाई, आमच्या आई भाकऱ्या करतात गॅसवर, तुमच्या माझ्यासारख्या डोळसांचा हात पोळतो, त्यांचा नाही पोळत. कोण ऐकतंय!

राजूभाऊ शेवटी म्हणाला, "ताई, एक सांगू? आजींचं सांगूच नका ना. एकदा सामान आत गेलं की कोण बाहेर काढतंय."

तसं एक घर जमत आलं होतं. आमच्याच रस्त्याला, दोन बोळ सोडून, तळमजला. तिथून गिरणी ऐकू येत होती, मी मुद्दाम डोळे मिटून ऐकली. मालकीणबाईंनी विचारलं, घरात कोण कोण, आणि हे एकदम म्हणाले, "दोघंच." मी यांच्याकडे बघितलंच नाही. रात्री जेवायला बसलो तेव्हा यांचा फोन वाजला. हात खरकटा म्हणून यांनी डाव्या हाताने स्पीकर लावला.

"दोघंच ना नक्की? मग उद्या टोकन पाठवून द्या."

आईंचा घास हातातच राहिला. हे फोनकडे बघत बसले. पलीकडून बाई हॅलो हॅलो करत होत्या. आणि आई शांतपणे म्हणाल्या, "हाव म्हण तिले. मले गावी सोडून दे. दोघं राहा सुखानं."

गावी काय होतं? काही नव्हतं. खोली केव्हाच पडली होती, माणसं पांगली होती. हे आईंनाही माहीत होतं. यांचा चेहरा इतका वेडावाकडा झालेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. "तिघं आहोत आम्ही," हे फोनवर ओरडलेच जवळजवळ. "माझी आई आहे. तिला दिसत नाही. चालेल का बोला."

पलीकडून, "अवघड आहे हो," आणि फोन बंद. ताटं तशीच राहिली त्या दिवशी. कोणी कोणाला जेव म्हटलं नाही.

शेवटी मांजरी, शहराच्या पार टोकाला. मेचे शेवटचे दिवस, आभाळ भरून यायला लागलेलं, आणि पावसात सामान भिजायच्या आत कुठेतरी डोकं घालायचं, एवढंच उरलं होतं. उसाच्या रानाला लागून नव्या इमारती झाल्यात तिकडे. आबा म्हणून मालक, स्वतःची शेती होती, आता त्या शेतीवरच चार मजले उभे आहेत. त्यांनी आईंना बघितलं, आम्ही काही बोलायच्या आधीच म्हणाले, "पानी हाय, लाईट हाय, लिफ्ट हाय. म्हातारीचं काय घेऊन बसलाय, आमची बी म्हातारी अशीच व्हती." मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. घर नवं, हवेशीर, भाडं झेपणारं. कोणीही म्हणेल, यांचं सोनं झालं.

पण आई तिथे खरोखरच आंधळ्या झाल्या.

पहिल्याच दिवशी सवयीने मोरीकडे वळल्या आणि भिंतीवर आदळल्या. कपाळाला टेंगूळ आलं. त्यांनी भिंतीवरून हात फिरवला, एकदा, दोनदा, आणि मागे येऊन पलंगावर बसल्या. ती गुळगुळीत, कोऱ्या रंगाची भिंत, तिला ना कड ना खड्डा. यांनी पलंगापासून संडासापर्यंत कपडे वाळत घालायची दोरी बांधून दिली. आई तेवढ्या दोरीवर जगायला लागल्या. जाऊन यायचं आणि बसायचं. मी म्हणायची, चला आई, स्वयंपाकघर दाखवते, हात लावून बघा. तर म्हणायच्या, "राहू दे. पाहुण्यानं कायले कोणाचे डबे उघडाचे?"

दूध आता मी आणते. संध्याकाळी स्वारगेटहून बस बदलत, गर्दीत उभ्याने येते. फाट्यावर उतरले की सवयीने मान वर जाते. सगळ्या खिडक्या उजळलेल्या असतात, आमची काळी. दार उघडून आत गेलं की अंधारात आई पलंगावर बसलेल्या. "आली का?" मी दिवा लावते. बटण दाराच्या बाजूलाच आहे, हात पुरेल इतकं जवळ. त्यांनी ते कधी विचारलं नाही, आणि मीही सांगायला धजले नाही. एकदोनदा वाटलं, आईंना आता कशातच राम राहिला नाही. बसून बसून एक दिवस अशाच अंधारात जातील, आणि मला बटण दाबल्यावर कळेल. हे विचार मी कोणाजवळ बोलले नाही. मांजरीला संध्याकाळी उसाचा एक ओलसर गोड वास येतो. लोकांना तो आवडतो. मला त्या वासाबरोबर तो अंधारच आठवतो आणि पुढेही आठवेल.

तर असे दिवस गेले आणि पुन्हा कैऱ्या आल्या. मागच्या आठवड्यात आबांचा फोन. "ताई, वाईट वाटून घिऊ नका. कंपनीतली पोरं जादा द्याया तयार हायेत, आन आमचा जावई काय ऐकंना. रईवारी चार जन बघाया यत्याल. बघू तर द्या. तुम्ही हायेच की."

तुम्ही आहातच की. पहिला हक्क. माणसं बदलतात, बोली बदलते, वाक्य तेच.

मी फोन ठेवला आणि यांच्यासमोर मोठ्या तावातावाने जाहीर केलं, की यंदा मी घर झाडणारसुद्धा नाही. पसारा तसाच ठेवणार. पन्हं तर नाहीच नाही. रविवार उजाडला आणि मी उठून फरशी पुसली. कैऱ्याही उकडल्या. जित्या जिवाची सवय सुटते का! हे बाजारात गेले होते. आई पलंगावर, दोरीच्या टोकाशी बसलेल्या. मी फरशी पुसत असताना पाय वर घेऊन म्हणाल्या, "कोणी येऊन राहिलं का आज?"

"घर बघायला येणारेत."

"असं," म्हणाल्या. बस.

मी गच्चीवर धुणं वाळत घालून आले तोवर बेल वाजलीच. नवरा, बायको आणि सोबत बायकोची आई. चांगली माणसं, नीटनेटकी, चपला बाहेर काढून आत आली. मी तोंड भरून 'या' म्हणाले, काय करणार. त्यांनी खोल्या बघितल्या, गॅलरी बघितली. बायकोच्या डोळ्यांत ते दिसायला लागलं, जे मला पाठ झालंय. ती मनातल्या मनात पडदे लावत होती. गेलं हेही, मला वाटलं. आता इथून वाघोली, नाहीतर त्याच्याही पुढे, आणि आईंना कुठल्या तिसऱ्या भिंतीवर आपटायला न्यायचं?

तेवढ्यात ती स्वयंपाकघरात गेली आणि तिने नळ सोडला. नळ फुस्स करून थांबला. दुसरा सोडला, मोरीतला. थेंब नाही.

"पाणी नाही का?"

मी तोंड उघडलं. सकाळी तर धो धो होतं, मी त्याच पाण्याने फरशी पुसली होती. मी काही बोलायच्या आत मागून आवाज आला.

"पाण्याचं लय अवघड आहे बापा इथं."

आई उभ्या होत्या. दोरी सोडून, स्वयंपाकघराच्या दारात, चौकटीला अगदी हलका हात लावून. "टँकर येते, नाही तं येतही नाही. आणि हे भिंत पाहा, पावसाळ्यात अशी वली होते का गाद्याईले बुरशी धरते. रात्री कुत्रे झोपू देत नाहीत. कोणाले सांगू नका, पण लिफ्टमधी माणसं अडकतात." चेहरा इतका करुण, की मलाच क्षणभर लिफ्टची भीती वाटली. मग हात जोडून म्हणाल्या, "तुमी लेकराबाळाचे. पाहा बा तुमचं तुमी."

त्या बायकोची आई पदर सावरत म्हणाली, "चला गं." पडदे उतरलेले मी डोळ्यांनी पाहिले.

दार लागल्यावर मी तशीच उभी. "आई! पाणी कुठे गेलं?"

त्या वळल्या. भिंतीला हात न लावता चार पावलं चालून मोरीत गेल्या, वाकल्या, बेसिनच्या मागे कोपऱ्यात हात घातला. तिथे पाण्याची मुख्य चावी आहे, हे त्या घरात राहून मलाही धड माहीत नव्हतं. त्यांनी ती फिरवली आणि उघडे राहिलेले दोन्ही नळ भसाभसा वाहायला लागले. मी धावत जाऊन बंद केले.

"कधी शिकलात हे सगळं?"

"तुमी दिवसभर नसता. मंग काय करू मी, भिंती चाचपू नाही तं काय?" वर सांगतात कशा, "तुझी मोहरी खालच्या फळीवर आहे. झाकण घट्ट लावत जा."

"मग सांगितलं का नाही? आम्ही रोज अंधारात येतो आई. दिव्याचं बटण..."

"दाराच्या बाजूले आहे. माहीत आहे मले." त्या पलंगावर टेकल्या. जरा वेळ दोरीशी चाळा करत राहिल्या. "मांग मी सांगत सुटली सगळ्याईले. हे माहं घर, असं घर, तसं घर. गेलं ना हातचं? म्हणून यंदा बोललीच नाही मी. म्हटलं, हे घर मले सापडलं, हे कोणाले समजलंच नाही पाहिजे." आणि मग त्यांचा आवाज एकदम लहान झाला. "पोरी, आता तिसऱ्या डावाले नाही जमाचं वं मले. एवढ्यात भागव."

मी त्यांच्या पायाशी फरशीवर बसले आणि मोठ्याने रडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात न चाचपडता बरोबर डोक्यावर आला. आबांनी चार जण पाठवतो म्हटलं होतं, त्यातलं एक बिऱ्हाड गेलं होतं. करार या महिन्याच्या शेवटी संपतो. आबांचा जावई ऐकेल की नाही, हे मला आज हे लिहितानाही माहीत नाही.

थोड्या वेळाने मी उठले, तोंड धुतलं. सवयीने ग्लास मांडायला लागले, तर आई बाहेरून म्हणाल्या, "पन्हं झाकून ठेव. आपल्यापुरतं राहू दे."

आणि तेवढ्यात पुन्हा बेल वाजली. मी दचकून त्यांच्याकडे पाहिलं. त्या उठून मोरीच्या वाटेला लागल्यासुद्धा होत्या.

"दार तू उघड," त्या म्हणाल्या. "पाण्याचं मी पाहतो."